हॅलो इंटरनेट : पाहुणा नाही, विषय नाही, तरी दोन तास

2020 च्या फेब्रुवारीपासून ज्याचा नवा भाग आलेला नाही अशा पॉडकास्टचा रिव्ह्यू आज लिहायचा म्हणजे बंद झालेल्या हॉटेलातल्या मिसळीची तारीफ करण्यासारखं आहे. फरक इतकाच की ही मिसळ अजून मिळते, फुकट मिळते आणि 136 प्लेट शिल्लक आहेत.

पॉडकास्टचं नाव ‘हॅलो इंटरनेट’. बोलणारे दोघं: सी. जी. पी. ग्रे आणि ब्रेडी हॅरन. दोघंही यूट्यूबवाले. ग्रे मूळचा अमेरिकन, लंडनला स्थायिक झालेला, पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. युनायटेड किंगडम, ग्रेट ब्रिटन आणि इंग्लंड यांत नेमका फरक काय, हे श्वास न घेता सांगणारा त्याचा व्हिडिओ 2011 साली गाजला. तोंड दाखवत नाही. पडद्यावर त्याच्या जागी काड्यांचा माणूस असतो. ब्रेडी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा. तिथे वर्तमानपत्रात बातमीदार होता, मग इंग्लंडला येऊन बीबीसीत लागला आणि पुढे नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या प्राध्यापकांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यानं ‘पीरिऑडिक व्हिडिओज’, ‘सिक्स्टी सिम्बॉल्स’ असे चॅनेल उभे केले. गणितवाल्यांचं लाडकं ‘नंबरफाइल’ही त्याचंच. या दोघांनी 2014 च्या जानेवारीत दहा भाग करून बघू म्हणून सुरुवात केली आणि सहा वर्षं बोलत बसले.

नाशिकला माझी डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या बनवतो. या कामात हात आणि डोळे पूर्ण अडकलेले असतात, डोकं अर्धं अडकलेलं असतं आणि कान मोकळे. सिरॅमिकचा थर ब्रशनं चढवताना गाणं लावलं तर हात तालावर जायला लागतो आणि दाढेचा उंचवटा भलतीकडे सरकतो. बातम्या लावल्या तर डोकं तापतं. पुस्तक ऐकावं तर भट्टीची शिटी झाली की उठावं लागतं आणि परत येईपर्यंत कोण कोणाचा काका हे विसरायला होतं. गप्पांचं तसं नसतं. मधली दोन मिनिटं निसटली तरी काही बिघडत नाही, मित्रांच्या घोळक्यातून चहा सांगायला उठून परत यावं तसं परत त्यात शिरता येतं.

म्हणून माझी पहिली कसोटी आवाजाची. मायक्रोमोटर फिरत असताना, वर धूळ ओढणारं सक्शन घोंगावत असताना माणूस काय म्हणतोय ते कळलं पाहिजे. ग्रे इथे पैकीच्या पैकी. एकसुरी, सपाट, प्रत्येक शब्द सुटा. ब्रेडीचे उच्चार ऑस्ट्रेलियन, पण चॅनल नाईनची क्रिकेट कॉमेंट्री ऐकायला पहाटे साडेचारला उठलेल्या आमच्या पिढीला ते परके नाहीत. अडचण त्याच्या हसण्याची आहे. तो खो-खो हसतो आणि एकदम हसतो. इअरफोन असतील तर दचकायला होतं. कॅपच्या कडेला बर (मायक्रोमोटरला लावायचं घासायचं टोक) टेकवलेला असताना ब्रेडी हसू नये अशी प्रार्थना करावी.

आता हे दोघं बोलतात काय? इथेच गंमत आहे, कारण सांगायला गेलं तर काहीच सांगता येत नाही. झेंडे. विमान अपघात. ईमेलला उत्तर द्यावं की नाही. स्वयंचलित गाड्या. अ‍ॅपलचं नवं घड्याळ. लग्नांना जाण्याचा कंटाळा. कॉफीच्या कपाच्या झाकणावरचं भोक बुजवणारी हिरवी प्लास्टिकची काडी. पाहुणा नाही, ‘आज आपण जाणून घेणार आहोत’ नाही, शेवटी ‘आजच्या भागातून काय शिकलो’ नाही. एक भाग दीड-दोन तासांचा, त्याहून लांबलेलेही आहेत.

विषय क्रमांक एक मात्र ठरलेला: मागच्या वेळी काय बोललो होतो त्याचा पाठपुरावा. मागच्या भागात ग्रे काही तरी ठासून बोललेला असतो, त्यावर श्रोत्यांची पत्रं आलेली असतात, ब्रेडी ती काढतो, ग्रे सुस्कारा टाकतो, त्यातून नवा वाद निघतो, आणि तो वाद पुढच्या भागाच्या पाठपुराव्यात जातो. पाठपुराव्याचा पाठपुरावा इतका वाढतो की कधी कधी निम्मा भाग त्यातच जातो आणि मग ब्रेडीच म्हणतो, आता कार्यक्रम सुरू करू या का. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. पण माझ्या मते या पॉडकास्टचं सगळं मर्म या नमनात आहे. ही गप्पांना स्मरणशक्ती असण्याची गोष्ट आहे. विसाव्या भागात ब्रेडीनं मारलेली थाप ऐंशीव्या भागात त्याच्या गळ्यात येते. ग्रेनं एकदा ‘हे मी कधीच करणार नाही’ म्हटलेलं असतं आणि ब्रेडी, हाडाचा बातमीदार, ते लक्षात ठेवून बसलेला असतो. एकेक भाग सुटा घेतला तर बरा, ठीकठाक. ओळीनं ऐकलं की दोन माणसं कळायला लागतात.

आणि माणसं एकमेकांपासून चांगलीच लांबची आहेत. ग्रेला जगातली प्रत्येक गोष्ट ही एक यंत्रणा दिसते: नियम काय, कुठे अडतं, कसं बदलावं. ब्रेडीला प्रत्येक गोष्टीत माणूस दिसतो: कोण होता, काय म्हणाला, त्याला कसं वाटलं. ग्रे बातम्या वाचत-बघत नाही. खरोखर महत्त्वाचं काही घडलं तर ते आपोआप आपल्यापर्यंत येतं, असं त्याचं म्हणणं. समोर बसलेल्या माणसानं उमेदीची वर्षं बातम्या लिहिण्यात घालवलेली. यावर ते दोघं अनेकदा भिडतात, आणि कोणीही तसूभर हलत नाही. ऐकताना मी एकदा ग्रेच्या बाजूला असतो, एकदा ब्रेडीच्या. सकाळी चहाबरोबर स्थानिक आवृत्तीतली निधनवार्तांची पट्टी वाचल्याशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही त्या माणसानं ग्रेची बाजू घ्यावी हे नवलच. पण तो मांडतोच तसं.

झेंड्यांचा अध्याय सगळ्यांत दांडगा. ग्रेला झेंड्यांचं वेड आहे आणि त्यातही ठाम मतं आहेत. निळ्या कापडावर राज्याची मोहोर चिकटवली की झाला झेंडा, ही अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांची तऱ्हा त्याला सहन होत नाही. लांबून ओळखू यावा, पोराला आठवून काढता यावा, अक्षरं नसावीत, हे त्याचे निकष. उलट लायबेरियातल्या परगण्यांचे झेंडे, जे कोणी शिकाऊ पोरानं चितारल्यासारखे दिसतात, त्यांवर त्याचा विलक्षण जीव. ते एकदा शोधून बघाच. मी लॅबमधल्या पोरांना दाखवले, अर्धा तास काम बंद होतं.

नेमकी त्याच काळात न्यूझीलंडनं आपला झेंडा बदलायचा घाट घातला होता. सरकारनं लोकांकडून डिझाइन मागवली, 10,292 आली. त्यातून निवडलेली 40, मग 4, मग लोकांनी आरडाओरडा केल्यावर ‘रेड पीक’ नावाचं पाचवं. 2015 च्या अखेरीस पहिलं सार्वमत, पाचांतून एक निवडायला. 2016 च्या मार्चमध्ये दुसरं, निवडलेला नवा की जुनाच. 56.6 टक्के लोकांनी सांगितलं, जुनाच राहू द्या. हा सगळा तमाशा दोघांनी बारीकसारीक चघळलाय. डोळ्यांतून लेझर सोडणारा किवी पक्षी हेही एक डिझाइन अधिकृतपणे दाखल झालेलं होतं, यावर तर ते फारच खूश.

मग साहजिकच प्रश्न आला की पॉडकास्टला स्वतःचा झेंडा नको का. श्रोत्यांनी डिझाइन पाठवली, पाच उरली, आणि मतदान ठेवलं ते ऑनलाइन नाही, पोस्टानं! जगभरातून पोस्टकार्डं आली. मत द्यायचं ते एकाला नाही, पसंतीक्रमानं. ज्या ग्रेनं मतदानपद्धतींवर व्हिडिओ केले तो साधं बहुमत कसं चालवून घेईल? आणि मग एका भागात दोघं बसून ही कार्डं मोजतात. आवाजाच्या माध्यमात मतमोजणी. कागदाची सळसळ, गठ्ठे लावणं, कुठल्या देशाचं तिकीट आहे ते सांगणं, कार्डावरचं चित्र बघून ब्रेडीचं हरखून जाणं आणि ग्रेचं त्याला मोजणीवर परत आणणं. कागदावर ही कल्पना भिकार वाटते. ऐकताना मी जागचा हललो नाही.

त्याचं एक कारण स्थानिक आहे. नाशिक विभागाला विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आहे आणि बी.एस्सी. असल्यामुळे मी त्याचा मतदार. तिथे बटण नसतं. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननंच नावापुढे 1, 2, 3 असे आकडे घालायचे. बरोबरची खूण केली, नाव लिहिलं, की मत बाद. शिकलेल्या लोकांची किती मतं त्यात बाद होतात हा वेगळाच लेख होईल. मोजणीत वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीवर कोणी तिथवर पोचला नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या कार्डांवरची पुढची पसंती मोजतात, असं करत करत रात्र होते. दरवेळी मोजणीच्या दिवशी लोक विचारतात, ‘पुढे असून निकाल का लागत नाही?’ ग्रे आणि ब्रेडीच्या मोजणीत हीच रीत आहे. तळाचा झेंडा बाद, त्याचे गठ्ठे उचलून उरलेल्यांत वाटले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे डोक्यावरून गेलं ते पोस्टकार्डांच्या सळसळीत बिनबोभाट कळलं. शेवटी जिंकला तो ‘नेल अँड गिअर’, खिळा आणि दातेरी चाक.

सातव्या भागाचं नाव ‘सॉरी, लँग्वेज टीचर्स’. नावावरून अंदाज येईल. ग्रेचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेत वर्षानुवर्षं परकी भाषा शिकवतात, त्यातून बोलता येणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी बाहेर पडतात, तेव्हा तो वेळ दुसऱ्या कशाला तरी द्यावा. स्वतः मास्तर राहिलेला असल्यामुळे तो हे बेधडक बोलतो. इथे मला त्याचा राग आला, अजून येतो. हे इंग्रजी घरात जन्मलेल्या माणसाचं गणित आहे. जगानं आपली भाषा शिकावी, आपण बाकीच्यांच्या शिकून काय करायचं! माझ्या लॅबमध्ये दिंडोरीकडचा पोरगा घरी वेगळ्या धाटणीची मराठी बोलतो, सिरॅमिक आणणाऱ्या सेल्समनशी हिंदी बोलतो, फर्नेसचं मॅन्युअल इंग्रजीतून वाचतो आणि याला कोणी बुद्धिमत्ता म्हणत नाही. पण मग 2025 चा उन्हाळा आठवला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचे दोन शासन निर्णय, त्यांवरचा गदारोळ, आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे. त्या दोन-अडीच महिन्यांत कोणत्या भाषेची सक्ती यावर बोलणारे शेकड्यांनी होते; आठ-दहा वर्षं शिकवून पोरांना ती बोलता का येत नाही, हे विचारणारे फार थोडे. ग्रे निदान तो प्रश्न विचारतो. उत्तर चुकीचं देतो, पण विचारतो. ब्रेडी त्या भागात त्याला पुरेसा रेटत नाही ही माझी तक्रार. त्या जागी एखादी मराठी शाळेतली इंग्रजीची बाई हवी होती.

विमान अपघातांचा कोपरा हे ब्रेडीचं खातं. ‘प्लेन क्रॅश कॉर्नर’ म्हणतात त्याला. त्यात रक्तमांस नसतं. चौकशीत काय निघालं, वैमानिकांनी कोणतं बटण कधी दाबलं, रेकॉर्डरमधून काय कळलं, त्यातून नियम कसा बदलला, असं ते बोलणं असतं. पॉडकास्ट सुरू झालं त्याच वर्षी, 8 मार्च 2014 ला, मलेशियाचं एमएच 370 नाहीसं झालं, म्हणजे या कोपऱ्याला कच्चा माल कायमचाच मिळाला. ग्रेला यात काडीचा रस नाही आणि तो ते लपवत नाही. 12 जून 2025 ला अहमदाबादला जे झालं त्यानंतर हा कोपरा मी बरेच दिवस पुढे ढकलत राहिलो, ऐकवेना. नंतर परत ऐकायला लागलो, तेव्हा ब्रेडीचा सूर पहिल्यापेक्षा जास्त आवडला. तो कुतूहल दाखवतो, पण चवीनं नाही. टीव्हीवर त्या आठवड्यात जे चाललं होतं त्यानंतर हा फरक कानाला फार जाणवला.

ब्रेडीचा आणखी एक गुण म्हणजे नावं ठेवणं, चांगल्या अर्थानं. वर ती प्लास्टिकची काडी सांगितली, तिचं बारसं इथे ‘हॉट स्टॉपर’ असं झालं. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून फेसबुकवर आपल्या नावानं चढवणं, त्यातून येणारे बघे आपल्या खिशात घालणं, याला ‘फ्रीबूटिंग’ म्हणायचं हे त्यानंच पाचव्या भागात काढलं, आणि पुढे यूट्यूबवाल्यांच्या भांडणांत ते सर्रास वापरलं जाऊ लागलं. अ‍ॅडलेडमधल्या ग्रेनफेल सेंटर नावाच्या काळ्या ठोकळ्यासारख्या इमारतीला तिथले लोक ‘ब्लॅक स्टंप’ म्हणतात. ब्रेडी तिचा अभिमान असा सांगतो की ताजमहाल झक मारतो. ग्रेला ती इमारत यत्किंचितही आवडत नाही. यावर किती बोलता येईल? मी म्हणेन दहा मिनिटं. ते त्याहून खूप जास्त बोलतात. गावाचा अभिमान काय असतो हे मला पुणेकरांपेक्षा या माणसाकडून जास्त कळलं.

आता दोष. बरेच आहेत.

पहिल्या वीस-पंचवीस भागांत यूट्यूबचं रडगाणं फार आहे. व्ह्यू कसे मोजतात, कॉमेंट बंद ठेवाव्यात का, सबस्क्राइबर म्हणजे नक्की कोण. ज्याला यूट्यूब चालवायचंच नाही त्यानं हे का ऐकावं? मी ऐकलं, कारण मधे उठून फोनला हात लावायचा तर हात धुवावे लागतात.

दुसरं, ही दोन सुखवस्तू माणसांची कुरकुर आहे. विमानतळावरचं लाऊंज, हॉटेलातली उशी, नवा फोन जुन्यापेक्षा किती पातळ. ब्रेडी बारीकसारीक त्रासांना ‘पेपर कट’ म्हणतो आणि त्यांची यादी घेऊन येतो. एखाद्या महिन्यात वीज गेल्यानं भट्टीतला अख्खा लॉट वाया गेलेला असेल तर ती यादी ऐकायचा मूड नसतो. बायकांचा आवाज जवळपास नाहीच. दोन पुरुष, दोघांचं जग एकाच प्रकारचं, त्यामुळे काही विषयांत ते कितीही भांडले तरी भांडण एकाच खोलीत राहतं.

गॅजेटचे भाग शिळे झालेत. 2015 च्या घड्याळाची दोन तास चर्चा आज ऐकायची म्हणजे दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी चकली खाणं. पुढे ढकलावेत. स्वयंचलित गाड्यांच्या बाबतीत मात्र उलट झालंय. ग्रेचा तेव्हाचा उत्साह बघून, आणि आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या वाहतुकीची आजची अवस्था बघून, करमणूक वाढते.

आणि सगळ्यांत मोठा राग शेवटाबद्दल. 28 फेब्रुवारी 2020 ला 136 वा भाग आला, ‘डॉग बिंगो’. नेहमीसारखाच. पुढच्या वेळी बोलूच अशा थाटात संपतो. पुढची वेळ आली नाही. निरोप नाही, खुलासा नाही. तोवर भागांमधलं अंतर वाढत चाललेलं होतं, हे खरं. पण सहा वर्षं आणि दोनशे तासांच्या आसपास बोलणं ऐकलेल्या माणसाला ‘थांबतोय’ एवढं तरी सांगायला हवं होतं. दुसरी बाजू अशीही आहे, की खरी मैत्री कधी ठरवून संपवतात का? फोन कमी होत जातात, इतकंच. ही बाजू मला पटते. तरी राग आहे.

मराठीत असं काही आहे का, असं एका डॉक्टरांनी विचारलं. हल्ली मराठी पॉडकास्टला तोटा नाही, आणि त्यांत उत्तम मुलाखती होतात. पण बहुतेक ठिकाणी पाहुणा लागतो. पाहुणा आला की त्याचा प्रवास येतो, प्रवासात संघर्ष येतो, संघर्षात आई-वडील येतात, आणि शेवटी तरुणांना काय सांगाल. दोन सूत्रधार असले तरी ते आळीपाळीनं प्रश्न विचारतात, एकमेकांशी बोलतात कुठे? वास्तविक आपल्याकडे पारावर, कट्ट्यावर, एसटीत, तिरडी बांधतानासुद्धा दोन माणसं कशावरही तासन् तास बोलू शकतात. माइक लावला की मात्र सगळे व्याख्याते होतात. ‘लोकांना यातून काय मिळणार’ ही धास्ती असावी. ग्रे आणि ब्रेडीला ही धास्ती दिसत नाही. श्रोता बाजूला बसून ऐकतोय, त्याला वाटलं तर ऐकेल, एवढंच. ते उपकारही करत नाहीत आणि उपदेशही.

एका गोष्टीची दाद द्यायला हवी. दोघं एकमेकांना बोलू देतात. ब्रेडी गोष्ट सांगत असताना ग्रेला ती कंटाळवाणी वाटतेय हे त्याच्या ‘हं’मधून कळतं, पण तो तोडत नाही, गोष्ट संपली की मग एकाच प्रश्नात तिची हवा काढतो. आणि ब्रेडी हसतो. दुखावल्याचं नाटक करतो, पण हसतो. आमच्या धंद्यात भागीदाऱ्या कशा मोडतात हे बघितलेलं असल्यामुळे मला हे हसणं फार मोलाचं वाटतं.

ऐकायचं असेल तर माझा सल्ला: पहिला भाग ‘बीइंग राँग ऑन द इंटरनेट’पासून धरा, यूट्यूबची चर्चा सुरू झाली की बेलाशक पुढे जा, पाचवा आणि सातवा चुकवू नका. तिथवर या दोघांचा कंटाळा आला तर सोडून द्या, पुढेही येईल. झेंड्यांच्या मतमोजणीचा भाग आधीच्या भागांशिवाय ऐकू नका, नाही तर दोन माणसं कागद मोजतायत इतकंच कळेल. इंग्रजीची भीती असेल तर ग्रे बोलताना वेग आहे तोच ठेवा आणि ब्रेडी अ‍ॅडलेडच्या आठवणी काढायला लागला की थोडा कमी करा.

सगळं संपल्यावर काय, हाही प्रश्न येतो. ग्रेनं 2015 पासून माइक हर्लीबरोबर ‘कॉर्टेक्स’ केलं. त्यात काम कसं करावं, वेळ कसा वापरावा असलं जास्त आहे, मला ते फार कोरडं वाटलं. ब्रेडी अ‍ॅडलेडच्या टिम हाइन या आपल्या मित्राबरोबर ‘द अनमेड पॉडकास्ट’ करतो. कधीच न होणाऱ्या पॉडकास्टच्या कल्पना एकमेकांना ऐकवायच्या, असा त्याचा ढाचा. ते ऊबदार आहे, जुन्या दोस्तांचं आहे, ब्रेडी तिथे जास्त मोकळा आहे. पण दोघं एकाच गावचे, एकमेकांच्या विनोदाला लगेच हसतात. समोर ग्रे नसला की ब्रेडीच्या गोष्टींना टाचणी लावणारं कोणी उरत नाही. माझ्या लॅबमध्ये सध्या तेच चालू असतं, तरी आठवड्यातून एखादा जुना ‘हॅलो इंटरनेट’ मधे येतोच.

नेहमीच्या पॉडकास्ट अ‍ॅपवर नाव टाकलं की मिळेल, पैसे लागत नाहीत. मधे वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपन्यांच्या लांबलचक जाहिराती दोघं स्वतःच वाचतात. त्या सवलतीच्या कोडवर आता काही मिळेल या आशेवर राहू नका.